चालत्या मशीनशी भांडण

दवाखान्यात फिजिओच्या खोलीबाहेर एक लांब बाकडं आहे. तपासणीला जातो तेव्हा मी त्याच्यावर बसतो, आणि दर वेळी कोणाची तरी बायको नाहीतर मुलगा मला विचारतो, "काका, तुम्हाला त्या मशीनने चालवलं ना? मग आमच्या पेशंटला पण चालता येईल का?" मी हो म्हणत नाही, नाही पण म्हणत नाही. म्हणतो, "मशीन चालतेच हो. तुमच्या पेशंटला चालावं लागेल." त्यावर ते माझ्याकडे अशा नजरेने बघतात, जणू लकव्याने ह्याच्या डोक्यावरही परिणाम केला असावा. बाकड्यावर बसून सगळं सांगता येत नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

मी धुळ्याकडचा, साक्री तालुक्यातला. अर्धं आयुष्य सिल्वासात गेलं, मसाटला धाग्याच्या कंपनीत मशीन फिटर म्हणून. बायको मंगला खडोलीला प्लास्टिकचे डबे बनवणाऱ्या कंपनीत पॅकिंगला होती. मुलगी सासरी सुरतेला. डोकमर्डीच्या चाळीत आम्ही दोघंच राहतो, तळमजल्यावर, एका खोलीत. खोल्यांच्या ओळीसमोर व्हरांडा आहे आणि व्हरांड्याच्या टोकाला सगळ्यांचे मिळून दोन संडास. हे संडासाचं आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढची सगळी गोष्ट तिथे जाण्याबद्दलच आहे. ज्यांना असलं वाचायला संकोच वाटतो त्यांच्या घरात अजून कोणाला लकवा झालेला नाही, एवढंच म्हणेन.

चप्पल

सकाळची वेळ होती. दात घासून मी नळावरून परत येत होतो. मंगला दारातून म्हणाली, "अहो, चप्पल राहिली तुमची." मागे वळून बघतो तर डाव्या पायातली चप्पल नळापाशीच पडलेली. पायातून चप्पल निघाली आणि मला पत्ता नाही. मी म्हटलं, झोपेत नस दबली असेल. चहा घ्यायला बसलो, तर चहा ओठाच्या कोपऱ्यातून बनियनवर.

"नस दबली आहे, तेल लाव जरा," मी म्हटलं. माझ्या जिभेवर जाड गोधडी टाकल्यासारखे शब्द येत होते, ते मला ऐकू येत नव्हतं, तिला येत होतं. तिने तेल लावलं नाही. गॅस बंद केला, रिक्षा बोलावली आणि मला त्यात घातलं. मी रिक्षात पूर्ण वेळ तिच्यावर चिडलो होतो, फर्स्ट शिफ्ट बुडते म्हणून.

दवाखान्यात तरुण डॉक्टर होते. म्हणाले, "काका, डोळे मिटा आणि दोन्ही हात समोर वर करा."

मी केले. म्हटलं, "बघा, दोन्ही वर आहेत. झालं? जाऊ का?"

डोळे उघडले तर उजवा हात हवेत होता आणि डावा मांडीवर तसाच पडला होता, दुसऱ्या कोणाचा तरी असावा तसा. माझ्या मते मी तो उचलला होता. मंगला त्या हाताकडे बघत होती. तिचा चेहरा बघून मला पहिल्यांदा भीती वाटली. आजवर हातात पाना घेऊन मी बंद मशीन उघडली होती, पण आपलाच हात आपल्याला खोटं सांगतो हे कधी बघितलं नव्हतं.

मेंदूला रक्त नेणाऱ्या नळीत गाठ अडकली होती. ती विरघळवायचं इंजेक्शन वेळेवर देता आलं. वेळेवर म्हणजे मंगलाने तेल लावलं नाही म्हणून.

वॉर्ड

वॉर्डातले दिवस एकसारखे. पहाटे सुई, मग चादरी बदलणं, मग डॉक्टरांची फेरी, मग जेवणाच्या ट्रॉलीचा आवाज. जेवण नाकातल्या नळीतून होतं तोवर ट्रॉली माझ्यापाशी थांबत नसे. ती पुढे गेली की शेजारच्या खाटेवरचे आजोबा वरणभात खात, आणि मला त्यांचा मनापासून राग येई. आपण इतक्या हलक्या मनाचे होऊ असं वाटलं नव्हतं.

लघवीची पिशवी, लंगोट, कूस बदलायला दोन माणसं. नर्स कामं पटापट करत, त्यांना लाज वगैरे नसे आणि त्यामुळे मलाही कमी वाटे. मंगलाने केलं की जास्त वाटे. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी त्या दिवसांत मी तिच्यापासून तोंड फिरवून घ्यायचो. तिने ते ओळखलं. काम करताना ती मुद्दाम दुसरंच काहीतरी बोलत राहायची, कंपनीतल्या बायकांचं, मुलीच्या सासूचं. एकदा तिने माझी दाढी केली आणि हनुवटीला कापलं. "सलूनवाल्याकडे गेला असता तर त्याला पैसे देऊन कापून घेतलं असतं," म्हणाली. आजारपणात मी पहिल्यांदा हसलो ते तेव्हा. अर्ध्या तोंडानेच.

घरी

घरी आल्यावर खरा आजार सुरू झाला. वॉर्डात सगळेच आडवे असतात. घरी तुम्ही एकटेच आडवे असता.

डावा पाय होता, पण लोंबता. मंगलाच्या खांद्यावर भार टाकून, पाय ओढत व्हरांड्याच्या टोकापर्यंत जायचं. उकिडवं बसणं शक्यच नव्हतं, म्हणून तिने मध्ये भोक असलेली प्लास्टिकची खुर्ची आणली. ती रोज आत-बाहेर करणं जमेना. तेव्हा चाळीतल्या लोकांनी एका संडासात ती कायमची ठेवू दिली आणि स्वतः दुसऱ्यासमोर रांग लावू लागले. त्याबद्दल कोणी एक शब्द बोललं नाही. असे उपकार फेडता येत नाहीत, आणि त्यांची आठवण काढली तरी त्या लोकांना आवडत नाही.

मंगलाची नोकरी अडली ती ह्याच एका गोष्टीवर. जेवण डब्यात झाकून ठेवता आलं असतं, गोळ्या हाताशी ठेवता आल्या असत्या. पण मला "जायचं" असेल तेव्हा कोण नेणार? नुकतंच तिला लाइनवर बढती मिळाली होती. हाताखाली बायका, गळ्यात वेगळ्या रंगाचं ओळखपत्र. ते ओळखपत्र आता खिळ्याला लटकत होतं आणि ती दिवसभर माझ्या हाकेची वाट बघत घरात बसत होती.

तिला कमी त्रास व्हावा म्हणून मी पाणी पिणं तोडलं. त्याने लघवीत जळजळ झाली, ताप आला, परत दवाखाना झाला. डॉक्टर रागावले. मंगला रागावली नाही, ते जास्त लागलं.

गावाहून धाकटा भाऊ दिलीप आला. शेती बघतो, मनाने चांगला आहे. म्हणाला, "दादा, गावाले चाल. घर मोठं आहे, माणसं आहेत, कोणी ना कोणी धरीन. आखाजीला गाडी घेऊन येतो, सामान भरू." आमच्या खानदेशात आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, सगळी माणसं घरी जमायचा सण. बोलणं रास्त होतं. मंगला म्हणाली, "बघू." खिळ्याकडे न बघता म्हणाली. मला ठाऊक होतं की गावी गेलो की परत येणं नाही. माझी नोकरी गेल्यासारखीच होती. तिची माझ्यामुळे जाणार होती, आणि मी फक्त एवढंच करायला हवं होतं की खाटेवरून उठून व्हरांड्याच्या टोकाला एकट्याने जायचं.

मशीन

दवाखान्यात चालण्याचं यंत्र आलं आहे असं कळलं ते तेव्हाच. फिजिओ हेतलबेन मूळची वलसाडची, बोलायला लागली की एका वाक्यात गुजराती, हिंदी, मराठी तिन्ही. तिने मला पहिल्यांदा ते दाखवलं तेव्हा पेशंट बाजूला राहिला आणि आतला फिटर जागा झाला. कमरेला पट्टा, मांडीला आणि पोटरीला पट्टे, बाहेरच्या बाजूने दोन धातूचे पाय. कमरेच्या आणि गुडघ्याच्या जागी मोटर, पाठीवर बॅटरी. वरून छताला टांगलेला दोर, म्हणजे पडलो तर लोंबत राहू. मी सांध्याच्या बेअरिंगवरून उजव्या हाताचं बोट फिरवलं. काम सुबक होतं.

"काका, खरेदी नथी करवानी," हेतलबेन म्हणाली. "पहेनवानुं छे."

विकत घ्यायचं नव्हतं, अंगावर घालायचं होतं. तिने पट्टे आवळले. तिने हातातल्या स्क्रीनवर काही दाबलं. मांडीपाशी मोटर घुरघुरली, आणि माझा डावा पाय उठला, पुढे गेला, टेकला. मग उजवा. मग परत डावा. खोलीच्या ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मी सरळ, ताठ, माणसासारखा चालत गेलो. भिंतीपाशी पोचलो आणि रडलो. मंगला दाराशी उभी होती, तीही रडली. रडता रडता तिने मोबाइलवर माझा व्हिडिओ काढला.

तो व्हिडिओ घरच्या ग्रुपवर गेला आणि घोटाळा तिथे झाला. मुलीने दिव्यांची आणि फुलांची चित्रं पाठवली. गावात दिलीपने तो पारावर सगळ्यांना दाखवला. चार दिवसांत त्याचा फोन, "दादा तर नवरदेवासारखा चालतो. मग वहिनी कामावर का नाही जात?" मंगलाने फोन माझ्या कानाला लावला आणि स्वयंपाकाच्या ओट्याकडे निघून गेली.

दर सत्रात मी तिथे झकास चालायचो. घरी आलो की पाय परत लोंबता. खाटेवरून उठताना तिचा खांदा, व्हरांड्यात तिचा खांदा. एके दिवशी दुपारी, अर्ध्या व्हरांड्यात, तिने मला भिंतीला टेकवलं आणि ती बाजूला झाली. राग आला की ती अहिराणीत जाते.

"तठे चालतस," ती म्हणाली. "आठे काय व्हस तुमले?"

तिकडे चालता, मग इथे काय होतं, असं ती विचारत होती. मी म्हटलं, इथे मशीन नाही. ती म्हणाली, "पाय तर तोच आहे ना? का तिथे लोक बघतात म्हणून चालायचं आणि इथे मी आहेच धरायला?" शेजारच्या खोलीतला रेडिओ बंद झाला, म्हणजे ऐकू गेलं होतं. तिने परत खांदा दिला आणि आम्ही पुढे गेलो. त्या दिवशी मला वाटलं की ह्यापेक्षा पहिल्याच दिवशी गेलो असतो तर बरं. असं वाटतं. बाकड्यावरच्या लोकांनो, तुमच्या माणसालाही कधीतरी वाटेल, त्याला रागावू नका.

सैल पाय

ह्यानंतरच्या सत्राला यंत्र काढल्यावर हेतलबेनने स्क्रीन माझ्याकडे वळवली. दोन रंगांच्या पट्ट्या होत्या. एक मशीनने लावलेला जोर, एक मी लावलेला. मशीनची पट्टी वर चढलेली. माझी जमिनीवर झोपलेली, पहिल्या दिवसापासून.

ती म्हणाली की पायात जोर परत येईल असं आता तिला वाटत नाही. यंत्रासाठी दुसरे पेशंट थांबले आहेत, तेव्हा पुढच्या आठवड्यात थांबवू. हे सांगताना तिला त्रास होत होता, ते दिसत होतं. मग सहज, शेवटचं तपासावं म्हणून, तिने मला खुर्चीवर बसवलं, हात माझ्या गुडघ्यावर दाबला आणि म्हणाली, "ऊपर करो, मेरे को धक्का मारो." मी मारला. गुडघा थोडासाच, पण उचलला गेला. तिचा हात वर ढकलला गेला.

"आ तो छे! काका, तो मशीनमां पग ढीलो केम मूकी दो छो?"

जोर तर आहे, मग मशीनमध्ये पाय सैल का सोडता? मला प्रश्नच कळेना. म्हटलं, "मग काय करणार? मशीन चालू असते ना."

आमच्या खात्यात नवीन पोरगा आला की त्याला पहिली गोष्ट मी शिकवायचो. बिहारचा असो, ओडिशाचा असो, आमच्या नंदुरबारचा असो, हिंदीतून सांगायचो, "चालू मशीन से लड़ने का नहीं. वो खींचे तो खींचने दो, लाल बटन दबाओ." बाही अडकली आणि जो हिसका देऊन ओढायला गेला त्याचा हात गेला, असं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. चालत्या मशीनच्या आड यायचं नाही हे माझ्या हाडात गेलं होतं. मोटर घुरघुरली की माझं अंग आपोआप तिच्या वाटेतून बाजूला होई. मला वाटत होतं, मी फार शहाण्यासारखा वागतो आहे. मी मध्ये पाय घातला असता तर गिअर खराब झाला असता, असंही वाटत होतं.

हे ऐकून हेतलबेन आधी हसली. मग तिचं हसू गेलं. ती सगळ्यांना सांगायची तेच तिने मलाही सांगितलं होतं, मशीनबरोबर चला. त्याचा अर्थ मी माझ्या खात्यातला लावला होता आणि ती सपाट पट्टी बघून म्हणत होती की पायच मेला आहे. दोघांचंही चुकलं नव्हतं म्हटलं तरी चालेल, पण आणखी आठवडाभर असंच गेलं असतं तर माझा पाय कायमचा गेला असता.

घरी येऊन मी मंगलाला सांगितलं. तिने ऐकून घेतलं. बराच वेळ भाकरी थापत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे ढोंग नव्हतं."

"नव्हतं."

"बरं. मग माझ्याशी जेवढं भांडता, तेवढं आता त्या मशीनशी भांडा."

वाईट चालणं

पुढच्या दिवसांत मी अतिशय वाईट चाललो. हेतलबेनने मशीनचा जोर कमी केला, मग आणखी कमी. जिथे मी नवरदेवासारखा चालत होतो तिथे आता दारुड्यासारखा झोकांड्या खाऊ लागलो. गुडघा दुमडे, दोर ताणला जाई, मी टांगलेल्या बोचक्यासारखा फिरे. मोटर घुरघुरली की अंग अजूनही माघार घ्यायचं. प्रत्येक पावलाला त्याला दटावावं लागे, घाल, जोर घाल, काही मोडत नाही. घामाने शर्ट भिजे. बाकड्यावरची माणसं आत डोकावून कुजबुजत, ह्यांचं बिघडलं वाटतं. मंगला व्हिडिओ काढत नव्हती. स्क्रीनवर माझी पट्टी मात्र जमिनीवरून उठली होती, बोटभर.

मग यंत्राची मुदत संपली. ते दुसऱ्या पेशंटकडे गेलं आणि माझ्याकडे चार पायांची काठी आली. व्हरांड्यात सराव सुरू झाला. काठी, डावा, उजवा. डावा अजूनही बाहेरून गोल फिरून येतो, तो तसाच येणार असं आता दिसतं आहे. संडासाच्या दाराला सिमेंटचा छोटा उंबरा आहे, तो काही ओलांडता येईना. मंगलाने हात दिला की यायचा, हात काढला की पाय त्याच्यावर आपटायचा. रोज तिथवर जायचो आणि रोज शेवटी तिचा हात धरायचो.

आखाजी जवळ आली. तिच्या कंपनीतून फोन आला, जागा किती दिवस रिकामी ठेवायची म्हणून. तिने सांगितलं, ठेवू नका.

सामान

दिलीप ठरल्याप्रमाणे गाडी घेऊन आला. सकाळपासून दोघं सामान बाहेर नेत होते. ट्रंक, गाद्या, धान्याच्या गोण्या, मिक्सर. खिळ्यावरचं ओळखपत्रही तिने कुठल्या तरी पिशवीत टाकलं होतं. खोलीत माझी खाट आणि मी एवढंच उरलो. मंगला येऊन म्हणाली, "लांबचा रस्ता आहे, निघायच्या आधी जाऊन घ्या. गोण्या ठेवून आले की नेते." आणि गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या गाडीकडे गेली.

मी थांबलो नाही. ठरवून वगैरे नव्हतं, खरं सांगायचं तर जोराची लागली होती. काठी घेतली आणि निघालो. व्हरांड्यात कोणी नव्हतं. टोकाला पोचलो. उंबऱ्यापाशी उभा राहिलो आणि डाव्या पायाला आईवरून शिवी दिली, जी मी कंपनीत अडलेल्या नटालाही कधी दिली नव्हती. पाय आपटला. परत उचलला. परत आपटला. तिसऱ्यांदा तो वरून घासत आत गेला. काठी भिंतीला टेकवून नळाचा पाईप धरला, उजवा पाय आत घेतला, वळलो, दार ओढलं.

आणि कडी लावली.

आजारी पडल्यापासून ते दार मी कधी लावलं नव्हतं. ते अर्धं उघडं असायचं आणि मंगला बाहेर पाठ करून उभी असायची, येणारे-जाणारे बघायचे आणि न बघितल्यासारखं करायचे. आता आत अंधार होता आणि मी एकटा होतो. खुर्चीवर बसलो. इतकं बरं किती महिन्यांत वाटलं नव्हतं.

बाहेर धावपळ ऐकू आली. खाट रिकामी बघून दिलीप ओरडत होता, "दादा! कोठे गया तू?" मग पावलं व्हरांड्यातून पळत आली आणि दारावर धक्के बसले. "दादा, आत आहेस का? कडी उघड ना! पडशी ना, दादा!"

"बसलोय," मी म्हटलं. "ओरडू नको."

"वहिनी, त्याने कडी लावली आहे! दार तोडू का?"

मंगला तिथेच होती, तिच्या बांगड्या वाजल्या होत्या. मला वाटलं, आता रागावेल, पडला असता तर म्हणेल. मग ती बोलली, पण माझ्याशी नाही.

"दिलीपभाऊ," ती म्हणाली, "ते सामान परत घरमा आणा."

दिलीप काहीतरी म्हणत होता, तिने ऐकलं नाही. तिची पावलं गाडीच्या दिशेने गेली, भराभर. माझं आटोपलं होतं, तरी मी आणखी थोडा वेळ आत तसाच बसून राहिलो.